वाटणी

दिवाळीला सुरतेचे माग बंद पडतात
तेव्हा कोकिळाताई येते, भुसावळ पॅसेंजरने,
दोंडाईच्याला उतरते,
दोन पोरं, एक नवरा, घारीचा डबा,
आणि पिशव्या ओट्यावर टेकवायच्या आधीच विचारते,
"कोठे शे ती?"

मी म्हणतो, चहा घ्या आधी.
खरं तर पहाटे चारला उठून
दोनदा खरारा केलाय मी तिला,
खूर धुतलेत, आयाळीतले गोखरू काढलेत एकेक,
कपाळावरची पांढरी कवडी ओल्या फडक्याने पुसलीय,
जसं कुणी मुलगी बघायलाच येणार आहे.

तबेला कसला, चार सागाचे खांब, वर पत्रे,
एका अंगाला पऱ्हाट्यांचा कूड
आणि माझी खाट, अशी टाकलेली
की रात्री तिचा श्वास ऐकू यावा.

जिगर आधी फोन काढतो.
हेतल लांब उभी, नाकाला ओढणी.
"मामा, ही चावते?"
चावते, मी म्हणतो, खोटं बोलणाऱ्याला.
(हेच खोटं.)
तळहात सपाट ठेव, बोटं मिटू नको, गूळ असा,
आता थांब. तिला येऊ दे.

कवडीने मान लांबवली,
पोथीचं पान उलटावं तसा
नुसत्या ओठांनी गूळ उचलला.
हेतल किंचाळली, हसली, ओला हात सगळ्यांना दाखवत फिरली,
अजून! अजून!
वाटी संपली, दुसरी आली.
पुरे, पोट दुखेल तिचं, मी म्हणालो,
जरा जोरातच.

जिगरला पाठीवर बसवून
खळ्याला तीन फेऱ्या मारल्या.
सोड ना मामा, म्हणाला, मी चालवतो.
लगाम नाही सोडला.

डाव्या कानाला ती हात लावू देत नाही कुणाला.
आधीच्या मालकाने काय केलं, तिलाच ठाऊक.
मला अडीच वर्षं लागली तिथवर पोचायला,
हे मी सांगत होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
तेवढ्यात मागून सुपडू भाऊजी,
जे जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत,
ज्यांची दोन बोटं उधन्याच्या मागाने घेतली,
आपला उरलेला पंजा त्याच कानामागे नेऊन
खाजवायला लागले.
आणि ती उभी. डोळे अर्धे मिटून,
खालचा ओठ लोंबता सोडून,
माझ्यापाशी कधी नव्हती अशी.

"आमना घर व्हती एक," ते म्हणाले,
"बापना टांगाले."
पंधरा वर्षांचा जावई आमचा. हे आज कळलं.

ताई कडब्याच्या पेंढ्यांवर बसून बघत होती.
बाप गेला त्या साली
शिंदखेड्याच्या कचेरीत हक्कसोडीवर
सही केली तिने, न वाचता, पर्स मांडीवर ठेवून,
वर बाहेर येऊन मलाच उसाचा रस पाजला.
पुढच्या वर्षी मी विहिरीकडचा तुकडा विकला.
त्याच हिवाळ्यात सारंगखेड्याच्या बाजारातून कवडी आणली.
ही दोन वाक्यं
एका दमात कधी म्हटली नाहीत मी.

"मी बसू का रे?"
बेचाळीस वर्षांची, गुडघे दुखतात,
पदर कमरेला खोचत म्हणते, बसू का.

खाट ओढली मी, पाय ठेवायला.
भाऊजींचा हात कानामागे तसाच.
ती चढली, डगमगत, आयाळ मुठीत धरून,
आणि मी लगाम
तिच्या हातात दिला.

बोंडं फुटलेल्या कपाशीच्या बांधावरून
दोघी गेल्या, माझ्याकडे पाठ करून, सावकाश,
पार विहिरीपर्यंत. तिथं थांबल्या.
काय बघितलं, मी विचारलं नाही.
परतायला इतका वेळ लागला
की चहा दोनदा उकळावा लागला.

भाऊबीजेनंतर गेली मंडळी.
खुंटीवर हेतलचं केसांचं रबर राहिलंय,
कवडीच्या आयाळीला एक वेणी, वाकडी, सुटत आलेली.
मी हात लावला नाही तिला.

रात्री कानामागे खाजवायला गेलो
तर तिने मान वळवून आधी
माझी बोटं हुंगली, एकेक,
जणू मोजत होती.